रडण्यातली गोडी

आमच्या गावच्या मोहरमात रात्री करबलाची गाणी होत. सन ६८० मध्ये इमाम हुसेन आणि त्यांचे नातलग, सोबती करबलाच्या मैदानात तहानलेले मारले गेले, त्याची ती गाणी. माझी दादी पदराने डोळे पुसायची आणि पुसता पुसताच शेजारच्या काकूंना म्हणायची, "यंदा गळा काय गोड लागलाय हो त्याचा!" मी लहान होतो. दादी रडायला येते की गाणं ऐकायला, हे मला कळेना.

हा पेच जुनाच आहे. 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं, तेव्हापासून माणसं तिकीट काढून आप्पा बेलवलकरांचे हाल पाहतात आणि 'प्रयोग रंगला' म्हणत घरी जातात. आपलाच बाप असा रस्त्यावर आला, तर तसं म्हणवेल का? न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली होती. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी. आपण दुसऱ्याच्या दुःखात शिरतो, पण आपलं आपणपण सोडत नाही. हाल बेलवलकरांचे, खुर्ची आपली. म्हणून ते दुःख सोसवतं, आणि डोळे न मिटता पाहताही येतं.

मला हे पटतं, पण एका जागी अडतं. बेलवलकर नाटकातले आहेत. त्यांच्यापर्यंत आपली मदत पोचत नाही, तशा टाळ्याही पोचत नाहीत. दुःख भोगलेलं माणूस त्याच मांडवात बसलेलं असेल तर?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी नुकताच बी. ए. झालो होतो. वर्तमानपत्रं वाचून कविता लिहिली. पुढे एका कविसंमेलनात ती म्हटली. वन्समोअर मिळाला आणि, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

चहाच्या वेळी एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. त्या पहाटे त्यांच्या घरातली दोन माणसं गेली होती. आता हे रागावणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, "कविता चांगली आहे, मी रडलो. पण बाळा, तू कौलं पडली म्हणतोस. आमच्याकडं कौलं नव्हती. माळवद होतं. वर मातीचा थर. ती माती नाकातोंडात गेली."

दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छप्पर, त्याखालीच तिथं इतकी माणसं दबली. आमच्याकडची घरं कौलारू. मी माझंच छप्पर त्यांच्यावर पाडलं होतं. माझ्या आनंदाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्या घरातलं मरण मी दुसऱ्याच कुठल्या तरी घरात नेऊन ठेवलं, हे त्यांना लागलं होतं.

'कौलं' होतं तिथं मी 'माळवद' घातलं. यमक गेलं, ओळ लंगडते. त्या ओळीला पूर्वी यायची तशी दाद आता येत नाही. तशीच म्हणतो.