धूम्रपान न करणारे : २ आणि २७

फुप्फुसाच्या कर्करोगाचे बहुतेक रुग्ण सिगारेट ओढतात, एवढ्यावरून सिगारेट दोषी ठरत नाही. १९५० च्या सुमारास ब्रिटनमध्ये बहुतेक पुरुष धूम्रपान करतच असत. मग संबंध ओळखायचा कसा?

रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधील रुग्णालयांत हा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांची त्याच वयोगटातील, अन्य आजारांच्या ६४९ पुरुषांशी तुलना केली. पहिल्या गटात धूम्रपान न करणारे अवघे २ निघाले, दुसऱ्यात २७.

हा योगायोग असेल का? कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडलेली काय-स्क्वेअर चाचणी याचे उत्तर देते. आधी संबंध नाहीच, असे धरायचे. तसे असते तर धूम्रपान न करणारे एकूण २९ जण दोन्ही गटांत सरासरी साडेचौदा असायला हवेत. प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतील फरकाचा वर्ग करून त्याला अपेक्षित आकड्याने भागायचे. धूम्रपान करणाऱ्यांसाठीही तेच करून चारही उत्तरांची बेरीज करायची. येथे ती सुमारे २२ येते. निव्वळ योगायोगाने ही बेरीज ३.८४ च्या वर जाण्याची शक्यता शंभरात पाच असते; २२ च्या वर जाण्याची लाखात एकाहूनही कमी.

मात्र ही चाचणी संबंध दाखवते, कारण सिद्ध करत नाही. त्यासाठी या दोघांनी १९५१ पासून सुमारे ४० हजार ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयींची आणि मृत्यूंची नोंद ठेवली. जास्त सिगारेट ओढणाऱ्यांत या कर्करोगाचे मृत्यू जास्त आढळले; ज्यांनी सिगारेट सोडली, त्यांचा धोका कमी झाला. सिगारेट सोडण्याच्या सल्ल्यामागे अशी काटेकोर मोजदाद आहे.