टायर, आडवाटांवरील मोटारसायकलींचे

डांबरी वा काँक्रीटचा पक्का रस्ता सोडून मातीच्या गाडवाटा, शेतशिवार, नदीपात्रे व डोंगर यांतून जाणाऱ्या मोटारसायकलींच्या चाकांवर बसविण्यात येणारे हवाभरित टायर. खडबडीत वा मऊ भूमीवर पकड मिळविणे, दगडांचे आघात सोसणे व अणकुचीदार पदार्थांना तोंड देणे ही त्यांची मुख्य कार्ये होत. मातीवरील शर्यतींच्या खास मोटारसायकलींसाठी असे टायर प्रथम विकसित झाले. तथापि महाराष्ट्रात त्यांचा प्रश्न शर्यतपटूंपुरता मर्यादित नाही. जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांत १०० ते १२५ घ. सेंमी. क्षमतेच्या साध्या मोटारसायकलीच रोज शेतात, वस्त्यांवर व सातपुड्याच्या पाड्यांवर जातात. दूध, खते, फवारणीची औषधे, शाळकरी मुले आणि प्रसंगी आजारी माणसेही त्यांवरून नेली जातात. त्यामुळे योग्य टायरची निवड व पंक्चरचे निवारण हा येथे उपजीविकेचा आणि कित्येकदा जिवाचा प्रश्न असतो.

इतिहास : हवाभरित टायरचे पहिले एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये सायकलीसाठी तो पुन्हा शोधून काढल्यावर त्याचा प्रसार झाला, तर कड्यावरून सहज काढता येणारा टायर मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये पुढे आणला. मातीवरील मोटारसायकल शर्यतींचा आरंभ १९२४ साली इंग्लंडमधील सरे परगण्यात कँबर्ली येथे झालेल्या शर्यतीपासून मानतात. भारतात टायरनिर्मितीचा पहिला कारखाना १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे निघाला. मातीवरच्या शर्यती महाराष्ट्रातही होतात. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातील बालेवाडी क्रीडासंकुलात सुपरक्रॉसची एक अखिल भारतीय साखळी स्पर्धा सुरू झाली.

रचना व नक्षी : टायरचा सांगाडा रबरात बसविलेल्या नायलॉनच्या धाग्यांच्या थरांचा असतो. आडवाटांवरील मोटारसायकलींच्या टायरांत हे थर बहुधा एकमेकांना तिरकस छेदणारे असतात. अशा सांगाड्याची बाजूची भिंत जाड व चिवट होते आणि दगडाच्या धारेने ती सहसा चिरत नाही. कड्यात बसणाऱ्या दोन्ही कडांत पोलादी तारांची वेटोळी असतात. जमिनीला टेकणाऱ्या जाड थरावरील नक्षीवरून टायरांचे तीन वर्ग पाडता येतात : (१) उथळ खाचांचा रस्त्यावरील टायर, (२) मोठे ठोकळे व मध्यम खोलीच्या खाचा असलेला मिश्र टायर आणि (३) सुटे, उंच ठोकळे असलेला टायर. तिसऱ्या प्रकाराला बाजारात ‘बटण टायर’ म्हणतात. त्याचे ठोकळे मऊ मातीत रुततात व चाकाला रेटा मिळतो. हाच टायर डांबरी रस्त्यावर मात्र थोड्याच पृष्ठभागाने टेकतो, ठोकळे वाकतात, लवकर झिजतात व ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर वाढते. म्हणून दिवसाचा बराचसा प्रवास डांबरी रस्त्यावर असणाऱ्याने केवळ रुबाबासाठी बटण टायर बसविणे धोक्याचे ठरते.

मापे व खुणा : ‘२.७५-१८’ या खुणेचा अर्थ टायरची रुंदी २.७५ इंच व कड्याचा व्यास १८ इंच असा होतो. ‘९०/९०-२१’ या नव्या पद्धतीच्या खुणेत पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा प्रमाणात व तिसरा कड्याचा व्यास इंचांमध्ये दर्शवितो. आडवाटांसाठी बनविलेल्या मोटारसायकलींचे पुढचे चाक बहुधा २१ इंची, तर मागचे १७, १८ वा १९ इंची असते. मोठ्या व्यासाचे चाक दगड किंवा चाकोरीची कड अधिक सौम्य कोनात ओलांडते.

मापापुढील अंक कमाल भार व अक्षर कमाल वेग दर्शविते. उदा., ४८ म्हणजे १८० किग्रॅ., ५७ म्हणजे २३० किग्रॅ.; पी म्हणजे ताशी १५० किमी. या अंकाकडे ग्राहकाचे सहसा लक्ष जात नाही. सुमारे ११० किग्रॅ. वजनाची मोटारसायकल, ६५ किग्रॅ.चा चालक व मागे ४० लिटरचे दुधाने भरलेले दोन कॅन यांचा विचार केल्यास मागच्या चाकावरील भार २०० किग्रॅ.च्या घरात जातो. म्हणजेच ४८ अंकाच्या टायरची मर्यादा सपाट रस्त्यावरच ओलांडली जाते. अशा वेळी भार कमी करावा किंवा वाहनाच्या कड्याला चालणारा अधिक भारक्षम टायर निवडावा. टायरवरील चार अंकी संख्येतील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा व नंतरचे दोन वर्ष सांगतात. दुचाकींच्या टायरांसाठी आयएस १५६२७ हे भारतीय मानक असून त्याचे चिन्ह पाहूनच खरेदी करावी.

भूमी व निवड : खानदेशात भूमीचे तीन निरनिराळे प्रकार थोड्याच अंतरात भेटतात. तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांतील सखल भागात काळी कापसाची जमीन आहे. तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते व पावसाळ्यात टायरच्या खाचांत गच्च बसते. उथळ नक्षीचा टायर मग गुळगुळीत चाकासारखा घसरतो. सुट्या ठोकळ्यांतून माती बाहेर फेकली जाते, म्हणून अशा भागात निदान मागचा टायर मिश्र वा ठोकळेदार असावा. चाक व चिखलरोधक यांमध्ये पुरेशी जागा नसल्यास माती साचून चाक जाम होते. तेथे नक्षीचाही उपयोग होत नाही.

चोपडा, यावल व रावेर तालुक्यांच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी आणि पालसारख्या डोंगराळ भागात वाटा दगडगोट्यांच्या आहेत. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील डोंगराळ वाटांवर बेसाल्टचे धारदार तुकडे असतात. येथे ठोकळ्यांच्या उंचीपेक्षा सांगाड्याची मजबुती महत्त्वाची. कठीण खडकावर फार उंच व मऊ ठोकळे फाटतात; जवळजवळ बसविलेल्या आखूड ठोकळ्यांचा मिश्र टायर अधिक टिकतो. नद्यांच्या कोरड्या पात्रांतील वाळूत मात्र रुंद टायर व कमी दाब उपयोगी पडतो.

हवेचा दाब : टायर जमिनीला टेकण्याचे क्षेत्रफळ स्थूलमानाने भार भागिले दाब इतके असते. मागच्या चाकावर १२० किग्रॅ. भार व दर चौ. सेंमी.स २ किग्रॅ. दाब असता ते सुमारे ६० चौ. सेंमी. येते, दाब निम्मा केल्यास जवळजवळ दुप्पट होते. म्हणूनच शर्यतपटू मातीत दर चौ. सेंमी.स ०.८ ते १ किग्रॅ. (पंक्चरवाल्यांच्या भाषेत १२ ते १४ पौंड) इतकाच दाब ठेवतात. परंतु त्यांच्या ट्यूबा जाड असतात, टायर कड्याला विशेष खिट्टीने आवळलेला असतो व गाडीवर ओझे नसते. साध्या, भारलेल्या मोटारसायकलीने त्यांचे अनुकरण करू नये. निर्मात्याने सांगितलेला दाब हा तिचा पाया होय. वाळूचा वा चिखलाचा छोटा टप्पा पार करण्यासाठी तो तात्पुरता थोडा उतरविता येतो, मात्र वेग कमी ठेवावा व पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी.

खानदेशातील उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते व टायरमधील हवा त्याहून बरीच तापते. पहाटे २५° से.ला २ किग्रॅ. दाब असलेल्या टायरमधील हवा ६५° से.पर्यंत तापली, तर घनफळ स्थिर धरता दाब सुमारे २.४ किग्रॅ. होतो. ही वाढ निर्मात्याने गृहीत धरलेली असते. दुपारी तापलेल्या टायरची हवा ‘जास्त झाली’ म्हणून काढल्यास रात्री टायर अपुऱ्या दाबावर चालतो, अधिक दबतो व सांगाडा आतून तापून कमकुवत होतो. दाब नेहमी गार टायरवर, मापकाने तपासावा. बोटाने दाबून अंदाज येत नाही.

पंक्चरची कारणे : (१) वेध. बाभळीचे जोडीने येणारे लांब सरळ काटे, वेड्या बाभळीचे काटे, बोरीचे आकडेदार काटे व जमिनीलगत पसरणारे सराटे हे येथील प्रमुख शत्रू. कुंपणासाठी काटेरी फांद्या ओढून नेल्या जातात तेव्हा वाटेवर काटे विखुरतात. कापूस व तूर काढल्यावर शेतात राहणारी तिरकस कापलेली धसकटे टायरच्या भिंतीतही शिरतात. बैलांच्या पत्र्यांचे गळून पडलेले खिळे हे आणखी एक कारण होय. (२) चिमटा. दाब कमी असता दगडावर आदळलेला टायर पूर्ण दबतो व ट्यूब कडे आणि दगड यांमध्ये चिमटते. तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. (३) झडप तुटणे. कमी दाबाचा टायर ब्रेक लावताना वा रेटा देताना कड्यावर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि झडपेचे बूड फाटते. (४) आतील दोष. कड्यातील संरक्षक पट्टी नसणे, ताराचे टोक वर येणे, टायर बसविताना हत्याराने ट्यूब चिमटणे, आत वाळू राहणे इत्यादी.

काटा व दगड यांची मागणी परस्परविरोधी असते, ही यातील मुख्य अडचण. चिमटा टाळण्यासाठी दाब पुरेसा हवा. पण दाब वाढविल्याने काटा थांबत नाही, उलट पकड घटते. काट्यावर उपाय जाड टायर व जाड ट्यूब हाच असून दगडावर उपाय योग्य दाब व संथ वेग हा होय.

प्रतिबंध : पंक्चरचा धोका टायर झिजल्यावर झपाट्याने वाढतो, कारण काट्याच्या टोकापासून ट्यूबपर्यंतचे रबर कमी होते. खाचांतील झीजदर्शक उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले की टायर बदलावा. झिजलेला टायर ‘शेतापुरता’ म्हणून वापरण्याची प्रथा सर्वत्र आढळते. ज्या वाटेवर काटे सर्वांत जास्त, तेथेच सर्वांत पातळ टायर वापरला जातो, असा तिचा अर्थ होतो.

ट्यूब टायरच्या मापाचीच घ्यावी; लहान ट्यूब ताणली जाऊन पातळ होते, मोठीला घड्या पडतात. ब्यूटिल रबराची ट्यूब नैसर्गिक रबरापेक्षा हवा पुष्कळ जास्त काळ धरते. तीन ते चार मिमी. जाडीच्या खास ट्यूबा काटा व चिमटा या दोन्हींना अधिक दाद देत नाहीत, पण त्या जड असतात. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावल्यास घर्षण कमी होते. झडपेची बाहेरील चकती कड्याशी घट्ट आवळू नये. ती टोपणाजवळ ठेवल्यास झडप तिरपी झालेली लगेच दिसते व टायर सरकल्याची सूचना मिळते.

ट्यूबविरहित टायरमध्ये काटा रुतला, तरी हवा हळूहळू जाते व चालकाला सावरण्यास वेळ मिळतो. मात्र त्यासाठी कडे हवाबंद लागते. ओतीव मिश्रधातूची चाके अशी असतात, पण दगडाच्या आघाताने त्यांची कडा वाकल्यास वा तडकल्यास हवा राहत नाही. तारांच्या चाकांतून तारांच्या भोकांवाटे हवा निसटते, म्हणून त्यांत सामान्यतः ट्यूब लागते. छिद्र बुजविणारे द्रव ट्यूबविरहित टायरमधील बारीक छिद्रांवर चांगले चालते. ट्यूबमध्ये रबर ताणलेले असल्याने छिद्र रुंदावते व उपयोग मर्यादित राहतो. शिवाय ओल्या द्रवावर ठिगळ चिकटत नाही. शर्यतींत हवेऐवजी फेसाळ रबराचे भरीव कडे वापरतात. ते पंक्चर होत नाही, पण दीर्घ वेगवान प्रवासात तापून खराब होते, म्हणून रोजच्या वाहनास अयोग्य.

दुरुस्ती : पुढच्या चाकाची हवा गेल्यास हँडल जड होऊन एकीकडे ओढते, मागच्याची गेल्यास गाडीचा मागचा भाग डोलतो. अशा वेळी ब्रेक जोरात न दाबता वेग हळूहळू उतरू द्यावा. ट्यूब काढल्यावर पाण्यात बुडवून छिद्र शोधावे, भोवतालचे रबर खरवडावे, द्रावण लावून ते जवळजवळ सुकू द्यावे व मगच ठिगळ दाबून बसवावे. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरचा आतला भाग कापडाने सर्व बाजूंनी चाचपून पाहणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी होय. बाभळीच्या काट्याचे मोडके टोक बाहेरून दिसत नाही, आत मात्र राहते व पाच-दहा किमी.वर नव्या ठिगळाशेजारीच पुन्हा छिद्र पाडते. ‘पंक्चर टिकले नाही’ अशा तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

दूरच्या वाटेवर जाताना पंप, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, ठिगळे, द्रावण व एक ट्यूब जवळ असावी. दोन्ही चाके वेगळ्या मापांची असल्यास पुढच्या २१ इंची चाकाची ट्यूब अडचणीत मागच्या १८ इंची चाकात घालून गावापर्यंत येता येते. उन्हाळ्यात पाण्याची बाटलीही याच साहित्यात मोजावी. सावली नसलेल्या शिवारात गाडी ढकलत नेणे हे पंक्चरपेक्षा अधिक घातक ठरू शकते.