नवी डिस्क बसवली, विंडोजही टाकले. मग संगणक सुरू का होत नाही?

विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हापासून आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत जुन्या संगणकाला नवी एसएसडी बसवून त्यावर विंडोज ११ किंवा लिनक्स टाकण्याचे काम चालू आहे. त्यासोबत एक तक्रारही वारंवार कानी येते: "सगळं नीट झालं, दोन दिवस चाललंही, जुनी डिस्क काढली आणि पडदा काळा. बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतो."

अशा वेळी एसएसडी खराब निघाली असे समजून ती परत करायला धावू नये. बहुतेक वेळा डिस्कही चांगली असते आणि विंडोजही.

घडते ते असे. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणत, आताच्यांत यूईएफआय असतो. त्याला विंडोज कुठे आहे हे स्वतःला कळत नाही. तो डिस्कवरचा एक लहानसा कप्पा शोधतो, ज्याला ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात. हा कप्पा बहुधा १०० एमबीच्या आसपास, फॅट ३२ पद्धतीचा असतो आणि 'माय कॉम्प्युटर'मध्ये दिसत नाही. विंडोज उठवणारी फाइल त्यात असते. आता, विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेलीच असेल आणि तिच्यावर असा कप्पा आधीपासून असेल, तर इन्स्टॉलर नव्या डिस्कवर दुसरा कप्पा न करता बहुधा जुनाच वापरतो. विंडोज नव्या घरात, किल्ली जुन्या घरात! दोन्ही डिस्क जोडलेल्या आहेत तोवर कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून पहिला उपाय साधा: जुनी डिस्क परत जोडा. संगणक सुरू झाला, तर निदान पक्के. मग डिस्क मॅनेजमेंट उघडून 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' कोणत्या डिस्कसमोर लिहिले आहे ते पाहा.

पुढे दोन वाटा आहेत. विंडोज नुकतेच टाकले असेल आणि त्यात अजून काही ठेवले नसेल, तर आमचे मत स्पष्ट आहे: खटपट करू नका. संगणक बंद करून जुनी डिस्क सोडवा, एकटी नवी डिस्क ठेवा, इन्स्टॉलरमध्ये तिच्यावरची सगळी पार्टिशन्स काढून पुन्हा विंडोज टाका.

पण सगळे प्रोग्रॅम बसवून झाले असतील, तर दुसरी वाट. डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह सुमारे ३०० एमबीने 'श्रिंक' करून ती जागा मोकळी सोडा. मग ऍडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'डिस्कपार्ट' चालवा. 'लिस्ट डिस्क'ने यादी पाहा आणि आकारावरून नवी डिस्क ओळखून तिचा क्रमांक निवडा, समजा 'सिलेक्ट डिस्क १'. त्यानंतर क्रमाने 'क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०', 'फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२', 'असाइन लेटर=झेड' आणि 'एक्झिट'. शेवटी 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस झेड: /एफ यूईएफआय'. या आज्ञा इथे उच्चारानुसार दिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजीतच करायच्या. डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' हा शब्द चुकूनही टाइप करू नये; निवडलेल्या डिस्कचा सगळा विभाग-तक्ता तो न विचारता पुसतो. संगणक बंद करून जुनी डिस्क काढा आणि सेटअपमध्ये जाऊन बूट क्रमात नवी डिस्क पहिली ठेवा. सेटअपची कळ डेलला एफ२, एचपीला एफ१०, इतरांत बहुधा एफ२ किंवा डिलीट.

हे सारे यूईएफआय पद्धतीने टाकलेल्या विंडोजसाठी. कधी पेनड्राइव्ह जुन्या 'लेगसी' पद्धतीने उघडला जातो आणि डिस्कवर जीपीटीऐवजी एमबीआर तक्ता तयार होतो. मग कुणी सेटअपमध्ये सीएसएम बंद केले की तीच डिस्क मदरबोर्डला बूट करता येत नाही. एमबीआरला २ टीबीपलीकडची जागाही वापरता येत नाही, तेव्हा नव्या डिस्कवर जीपीटीच बरे.

निळ्या पडद्यावर 'इनऍक्सेसिबल बूट डिव्हाइस' आले, तर सेटअपमधली एएचसीआय-रेड ही निवड कुणी बदलली का ते आधी पाहावे. पूर्ववत केली की बहुधा काम होते. एसएसडी सेटअपमध्येच दिसत नसेल, तर ती एनव्हीएमई आणि खाच फक्त साटाची, असे तर नाही ना? दिसायला दोन्ही एम.२ च. लिनक्स टाकणाऱ्यांनाही ग्रब कोणत्या डिस्कवर बसतो याची हीच अडचण येते. तिथेही टाकताना दुसरी डिस्क सोडवून ठेवणे उत्तम.

सेटअपमध्ये हात घालण्यापूर्वी बिटलॉकर चालू आहे का ते बघावे. चालू असेल, तर बदलानंतर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच वहीत उतरवून ठेवावी. ती नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही आतले फोटो कुणालाच काढता येत नाहीत.

आणि जुनी डिस्क? नवी एकटीने आठ-दहा वेळा सुरू होईपर्यंत तिला फॉरमॅट करू नका, दुकानदाराने "साफ करून देतो" म्हटले तरी. फोटो आणि कागदपत्रे सगळेच आठवणीने काढतात. राहून जातात ते फाँट. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, कुणी टाइप करून ठेवलेली कुळाची वंशावळ असे पुष्कळ साहित्य श्रीलिपी, आयएसएम किंवा 'शिवाजी'सारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे. फाइल नव्या डिस्कवर आली पण फाँट आला नाही, तर मराठी ओळींच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गुंता दिसतो. ते फाँट जुन्या डिस्कवर विंडोजच्या 'फाँट्स' फोल्डरमध्ये असतात. ते फोल्डर अख्खे पेनड्राइव्हवर घ्यावे, आणि एकदा तरी जुनी स्मरणिका नव्या डिस्कवर उघडून वाचून पाहावी.