कावडीच्या चालीनं

विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ मी कॉलेजात असताना दोन रात्रींत संपवलं होतं. लक्षात राहिलं ते झाशी, तोफा आणि घोड्यावरची राणी. म्हणजे पुस्तक उघडण्याआधी जे माहीत होतं, तेच. पन्नाशीनंतर तेच पुस्तक पुन्हा काढलं, रोज दोन-तीन पानं, आणि चार महिने लागले.

हा वेळ लावला मोल्सवर्थनं. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 सालची. गोडसे भटजी कोकणातल्या वरसईहून उत्तरेकडे निघाले तेही त्याच साली. भटजी ज्या मराठीत बोलत होते, ती त्या जाडजूड ठोकळ्यात जवळपास जशीच्या तशी सापडते. अडलं की कोश उघडायचा, आणि एक शब्द बघायला गेलं की शेजारचे चार वाचून होतात. (घरच्यांच्या मते मी या काळात पुस्तक वाचतच नव्हतो, नुसता कोश चाळत होतो. फारसं खोटं नाही.)

‘बिजन’ हा शब्द तसाच. झाशी पडल्यावर इंग्रजी फौजेनं शहरात जी सरसकट कत्तल मांडली, तिच्यासाठी भटजी तो वापरतात. कॉलेजात मी अंदाजानं पुढे गेलो होतो. फारसीत ‘बिझन’ म्हणजे ‘हाण, मार’. हुकूमच तो. मारणाऱ्याच्या तोंडची आज्ञा मार खाणाऱ्यांच्या भाषेत नाम होऊन बसली. त्या दिवशी मी पुढचं पान उलटलं नाही.

काल्पीच्या वाटेवरचा विहिरीचा प्रसंग अनेकांना ठाऊक असतो. धुळीनं माखलेली, पठाणी वेषातली राणी तहानेली आहे. भटजी पाणी शेंदायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते आणि स्वतः पाणी काढते. विद्वान ब्राह्मणाला कसं शेंदू द्यायचं, हे तिचं म्हणणं. पुढे ती स्वतःबद्दल बोलते ते अर्ध्या शेर तांदळाच्या हिशेबात. विधवेच्या वाट्याचा शिधा तेवढाच. राज्य गेलेली बाई शेरात बोलते, आणि आपण वाचताना ‘पुढे लढाईचं काय झालं’ म्हणून तिथून पळत सुटतो. मीही सुटलो होतो.

पुस्तकाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर चाल आणखी मंदावते. भटजींनी 1883च्या सुमारास लिहिलेली हकीकत चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 साली छापली ती हात फिरवून. इंग्रजी अंमलात सत्तावनच्या बंडाची गोष्ट छापायची म्हणजे जपूनच. मूळ मोडी हस्तलिखितावरची संहिता दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली आणली. वैद्यांची मराठी छापखान्यातून आलेली वाटते, मुळातली ओसरीवर बसून सांगितलेली. मला दुसरी जास्त आवडते, अडखळायला होतं तरी. मोडीत शब्द तोडून लिहायची रीत नसल्यामुळे ते हस्तलिखित उलगडणाऱ्याला तर घाई परवडलीच नसणार.

एवढं रेंगाळल्यावर एक गोष्ट दिसली, जी आधी अजिबात दिसली नव्हती. हा माणूस बंडाची हकीकत गोळा करायला निघालेलाच नाही. घरावर कर्ज आहे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार असं कानावर आलंय, दक्षिणा चांगली मिळेल, म्हणून काकांबरोबर निघालेला हा भिक्षुक. बंड त्याला वाटेत आडवं आलं. मिळवलेलं लुटलं गेलं. हे लक्षात आलं की पुस्तकाचा शेवट, जो मी कॉलेजात परतीचा कंटाळवाणा मजकूर म्हणून चाळला होता, एकदम जड होतो.

दक्षिणेचं काही उरलं नाही. खांद्यावर गंगेची कावड मात्र आहे. उत्तरेतून कोकणापर्यंत, पायी. कावड जमिनीला टेकवायची नसते, म्हणजे दर मुक्कामी तिच्यासाठी झाड नाहीतर खुंटी शोधणं आलं. नकाशावर मी ती वाट पेन्सिलीनं काढत होतो, आणि प्रत्येक गावाशी हाच प्रश्न पडत होता: इथे कावड कुठे टांगली असेल? वरसईला पोचल्यावर भटजींनी त्या पाण्यानं आईवडिलांना स्नान घातलं.