गोठत्या थंडीतील नळ : वाहते पाणी, बर्फ आणि फुटणारे पाइप

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत तेथे रात्रीचे तापमान उणे १० अंश सेल्सिअसच्या खाली जाणे नेहमीचे. नळ गोठला की सकाळी टँकरची वाट पाहायची किंवा बादल्या घेऊन निघायचे. म्हणून थंड प्रदेशांत रात्री नळ थोडा सोडून ठेवण्याचा सल्ला देतात. का, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘वाहते पाणी गोठत नाही.’ सल्ला योग्य आहे, पण कारण चुकीचे. लडाखमधलीच झंस्कार नदी वाहती असूनही दर हिवाळ्यात गोठते आणि तिच्या ‘चादर’वरून माणसे चालत जातात. मग नळ सोडल्याने नेमके काय होते? थोडे गणित करून पाहू.

समजा, १५ मिमी आतील व्यासाचा आणि २० मिमी बाह्य व्यासाचा पाइप उघड्यावर आहे. हवा उणे १० अंश, वारा नाही. पृष्ठभागावरील उष्णता-संक्रमण गुणांक १० वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरू. पाइपची भिंत पाण्याच्याच तापमानाला आहे असेही मानू. एक मीटर लांबीत सुमारे ०.१७७ किलो पाणी मावते. ते ५ अंशांवरून ० अंशावर यायला ३.७ किलोज्यूल उष्णता जावी लागते. सरासरी ७.९ वॉट वेगाने ती आठेक मिनिटांत निघून जाते. पुढचा टप्पा मात्र संथ आहे. बर्फाचा अप्रकट उष्मा किलोला ३३४ किलोज्यूल, म्हणजे या पाण्याचा पूर्ण बर्फ होण्यासाठी ५९ किलोज्यूल बाहेर जायला हवेत. ६.३ वॉटच्या हिशेबाने याला अडीच तासांहून थोडा अधिक वेळ लागतो.

आता नळ सोडा. उघड्या पाइपची लांबी १० मीटर आणि जमिनीखालून येणारे पाणी ५ अंशांचे आहे असे धरू. वाटेत सुमारे ७९ वॉट उष्णता हवेत जाते. पाणी शून्याच्या वर राहूनच नळापर्यंत पोहोचायचे असेल, तर सेकंदाला निदान ३.८ ग्रॅम, म्हणजे तासाला साधारण १४ लिटर प्रवाह हवा. येथे पाइपला वाचवते ती पाण्याची गती नव्हे, तर मागून येणाऱ्या पाण्याने सोबत आणलेली उष्णता. प्रवाहातील घर्षणाने निर्माण होणारी उष्णता या उदाहरणात एका वॉटच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. ती खुशाल विसरा. वारा सुटला तर मात्र गुणांक सहज तिप्पट होतो आणि प्रवाहही तिप्पट लागतो.

सेकंदाला एक थेंब पडू दिला तर? एक थेंब ०.०५ मिलिलिटर धरला, तर हा प्रवाह गरजेच्या सुमारे पंचाहत्तराव्या भागाइतका. उष्णतेच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपयोगीच. तरी ठिबकणारा नळ पाइपला वाचवू शकतो, आणि त्याचे कारण दाबात आहे.

बर्फाची घनता घनमीटरला ९१७ किलो. त्यामुळे गोठताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. बर्फ भिंतीला बाहेर ढकलतो आणि पाइप तडकतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बर्फाला लांबीच्या दिशेनेही पसरता येते. खरा धोका बर्फाचा बुच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला असतो. बुच वाढत जातो, पाण्याला जागा उरत नाही. पाणी जवळपास असंपीड्य. ते फक्त १ टक्का दाबायलाही वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब लागतो. पाइप म्हणूनच अनेकदा जेथे बर्फ नाही अशा ठिकाणी फुटतो, आणि गळती दिसते ती बर्फ वितळल्यावर. नळ किंचित उघडा असला तर हा दाब बाहेर निघून जातो.

स्थिर पाण्याची आणखी एक गंमत आहे. पाइपमधले पाणी अनेकदा शून्य अंशावर गोठतच नाही. केंद्रकाअभावी ते उणे काही अंशांपर्यंत द्रवच राहते. याला अतिशीतन म्हणतात. मग कुठेतरी एक स्फटिक तयार होतो आणि क्षणार्धात बर्फाच्या फांद्या पाइपभर पसरतात. पाणी उणे ५ अंशांपर्यंत अतिशीत झाले असेल, तर त्या क्षणी किती बर्फ होतो? ५ × ४.१८ भागिले ३३४, म्हणजे जेमतेम ६ टक्के. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गिल्पिन यांनी १९७० च्या दशकात अशा फांद्यांचा अभ्यास केला आणि एवढीशी जाळीही पाइप तुंबवू शकते हे दाखवले. वर काढलेले अडीच तास त्यामुळे दिलासा देणारे नाहीत. पाइप पूर्ण गोठण्याच्या कितीतरी आधी पाणी बंद होऊ शकते.

वाहत्या पाण्यात बर्फ असा एकदम पसरत नाही, तो भिंतीवर थराने साचतो. स्तरीय प्रवाहात दाबातील फरक तोच राहिला तर प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो. व्यास निम्मा झाला की प्रवाह सोळाव्या भागावर. प्रवाह घटला की येणारी उष्णता घटते, बर्फ आणखी वाढतो. (नळ अगदी थोडा उघडा असताना मुख्य अडथळा नळाचाच असतो, म्हणून सुरुवातीला हा परिणाम जाणवत नाही. मग अचानक जाणवतो.)

पाण्याची टंचाई असलेल्या ठिकाणी रात्रभर नळ सोडणे परवडत नाही. तेथे पाइप खोल पुरणे हा चांगला उपाय. दिवस-रात्रीतील तापमानाचा चढउतार मातीत काही दहा सेंटिमीटरांतच विरतो, पण हिवाळा-उन्हाळ्याची लाट काही मीटर खोल जाते. म्हणून वीतभर खोल चर पुरत नाही. घराच्या भिंतीवरील उघडा भाग उष्णतारोधक गुंडाळून थोडा उशिरा गोठतो इतकेच; आत पाणी स्थिर असेल तर तो कधीतरी गोठणारच. रात्री तो रिकामा करणे अधिक खात्रीचे. त्यासाठी पाइपला निचऱ्याच्या तोटीकडे अखंड उतार हवा, कारण मध्ये कुठे झोळ राहिला तर तेवढेच पाणी तेथे साचते आणि सकाळी बुच तेथेच सापडतो. तो वितळवताना आधी नळ उघडावा आणि नळाच्या बाजूने ऊब देत मागे जावे, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते.