पंढरीचा नकाशा

पंढरपुरात महाद्वारातून आत जाताना नामदेव पायरीवर कुणी पाय देत नाही. माणसं वाकतात, हात लावून तो कपाळाला नेतात आणि पुढे सरकतात. पायरीच्या समोर, बाहेरच्या बाजूला, चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला कुसू कोसळून गेलेल्या चोखोबांच्या अस्थी नामदेवांनी इथे आणल्या, अशी परंपरा सांगते. आणल्या, पण उंबऱ्याच्या अलीकडेच.

सेंट-सायमन, फुरिए, रॉबर्ट ओवेन यांच्या स्वप्नाळू समाजवादावर एंगल्सने १८८० मध्ये केलेली टीका मला नीट उमगली ती इथे उभं राहून. नगरीचा नकाशा झकास काढलात, पण ती उभारणार कोण आणि कुठल्या बळावर, हा त्याचा सवाल. ओवेनने १८२५ मध्ये अमेरिकेत वसवलेलं न्यू हार्मनी दोन-तीन वर्षांत मोडलं. फुरिए तर म्हणे योजनेला पैसा देणाऱ्या धनिकाची रोज दुपारी बाराला घरी वाट बघायचा. कुणी फिरकलं नाही.

पंढरीला संतांच्या समतेच्या स्वप्नाचा नकाशा होता, शिवाय वाटही होती. देहू-आळंदीहून माणसं चालत येतात, एकमेकांच्या पाया पडतात. पण त्याच वाटेने चाललेल्या इरावती कर्व्यांना जातवार वेगळ्या पंगती खुपल्या. बाबासाहेबांनी तर १९३६ मध्येच बजावलं होतं, की देवापुढे सगळे सारखे म्हटल्याने माणसामाणसांतली जात मोडत नाही.

मे १९४७. विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून समाजवादी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. हा मार्ग आधी गांधीजींनाही पटला नव्हता. गुरुजींचा युक्तिवाद मात्र घरचाच होता: विठ्ठल सगळ्यांचा असं तुम्हीच म्हणता ना, मग दार उघडा. एंगल्सला हे भाबडं वाटलं असतं, कारण उपोषणाची भिस्त समोरच्याच्या मनावर. मला ते अर्धंच पटतं. गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले होते, त्या दौऱ्यात किती तरी गावांनी विहिरी आणि देवळं खुली केली होती. मंदिरप्रवेशाचा कायदाही मुंबई प्रांताने त्याच वर्षी केला. आणि संतांनी ते स्वप्न सांगून ठेवलंच नसतं, तर गुरुजींनी मंदिराच्या पुजाऱ्यांना, बडव्यांना, शब्दांत पकडलं असतं कसं?

१० मे रोजी उपोषण सुटलं, दलितांसाठी दार उघडलं. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क आणि उत्पन्न काढून घ्यायला मात्र १९७३ चा कायदा लागला, आणि त्यावरची कोर्टकचेरी संपायला सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१४ चा निकाल. इथे एंगल्स मिशीत हसला असता.