टायरसाठी रोज थोडे पैसे बाजूला ठेवा

आपल्या वस्तीतील अनेक तरुण आज भाड्याची गाडी चालवून घर चालवितात. कर्ज काढून, जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हप्ता वेळेवर भरणारा माणूसही टायरचा विषय निघाला की "अजून महिनाभर निघेल" असे म्हणतो.

मागच्या पावसाळ्यात आम्ही लग्नाहून परतत होतो. ब्रेक दाबला तरी गाडी घसरत गेली आणि पुढच्या ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली. मागे तीन लेकरे झोपलेली होती. उतरून पाहिले तर पुढचे दोन्ही टायर गोटा झालेले! तेव्हापासून आम्ही टायर बघायला शिकलो.

टायरच्या खाचांच्या तळाशी रबराच्या लहान आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली, की खाच १.६ मिलिमीटरच उरली असे समजावे. कारला यापेक्षा कमी खाच नियमात चालत नाही. खाचा रस्त्यावरचे पाणी बाहेर फेकतात. त्या गेल्या की टायर पाण्यावर तरंगतो, मग ब्रेक काय करणार?

दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेली, असे बहुधा असते. टायरच्या बाजूला फुगा आला तर आतले धागे तुटलेले असतात. असा टायर त्याच दिवशी काढावा.

जुनी गाडी घेताना काळ्या पॉलिशला भुलू नये. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. '१२२१' म्हणजे २०२१ सालच्या बाराव्या आठवड्यात तयार झालेला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवावा. दहा वर्षे झाली, तर नक्षी शाबूत असली तरी बदलावा. स्टेपनीही विसरू नये.

पण पैसे कुठून आणायचे? आम्ही कारकून माणसे, हिशेबच सांगतो. चार टायरांचे सोळा हजार धरले आणि ते चाळीस हजार किलोमीटर चालले, तर किलोमीटरला चाळीस पैसे पडतात. शंभर किलोमीटर गाडी फिरली की चाळीस रुपये डब्यात टाकावेत. डिझेलचे पैसे आपण काढतोच ना? मग टायरचेही काढावेत. म्हणजे टायर बदलायची वेळ येईल तेव्हा "महिनाभर निघेल" असे म्हणायची पाळी येणार नाही.